हिच सगळ्यात शेवटी घ्यायची

इंदूरच्या आमच्या रामबागेत आता एक घर सोडून एका घरातलं पोर अमेरिकेत आहे. पूर्वी तिकडून फोन यायचे ते लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण विचारायला. हल्ली दर उन्हाळ्यात एखादा तरी फोन असा येतो: "काका, आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच कुठली घेऊ?" ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअपच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, आणि ही हिच म्हणजे ते पिकअपला जोडणारं आणि जोडावरचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारं लोखंडी साधन. आत ओटा, पलंग, न्हाणी, सगळं असतं. मला विचारतात कारण इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात ॲक्सल (चाकांचा आस) आणि ब्रेकच्या खात्यात मी ३१ वर्षं काढली. दोन उन्हाळ्यांपूर्वी पुतणीकडे कोलोरॅडोला तीन महिने राहिलो, तेव्हा तिच्या ट्रेलरखाली आडवा होऊन पाना फिरवलाय. त्याआधी एक घोळ मीच घातला होता, तो पुढे सांगतो. तेच तेच फोनवर किती वेळा सांगायचं, म्हणून हे एकदा लिहून काढलं.

कुठली हिच, हा प्रश्न पहिला नाहीच. आधी तीन आकडे हातात घ्या: ट्रेलरची जीभ, म्हणजे पुढे निघालेली ओढायची दांडी, खरोखर किती वजन टाकते, गाडीच्या दारावरची चिठ्ठी काय म्हणते आणि मागच्या रिसीव्हरवर, म्हणजे हिच जिच्यात शिरते त्या नळीवर, काय छापलंय. ते आले की हिच जवळजवळ आपोआप ठरते.

आधी प्रकार समजून घ्या

सोयाबीनच्या दिवसांत लक्ष्मीबाई नगरच्या मंडीबाहेर सकाळी उभं राहिलं तर सगळं शास्त्र फुकट दिसतं. दोन चाकांची ट्रॉली, पोती पुढच्या बाजूला रचलेली. ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचं नाक वर येतं. पुढची चाकं जमिनीला नुसती टेकलेली, स्टिअरिंग फिरवावं तर ट्रॅक्टर सरळच जातो. ड्रायव्हर मडगार्डवर बसलेल्या पोराला ओरडतो, "आगे बैठ बोनट पे!" दुसरी एखादी ट्रॉली असते, तिची पोती मागे रचलेली. तिची दांडी वर उचलली जाते. बैलगाडीवाले तिला उलार गाडी म्हणायचे. तिचं शेपूट रस्त्यावर डावी-उजवीकडे झुलत जातं.

ट्रॅव्हल ट्रेलरला हे दोन्ही रोग होतात. जिभेवर वजन जास्त पडलं तर पिकअपचं बूड बसतं आणि नाक वर येतं. कमी पडलं तर ट्रेलर उलार होतो आणि झुलायला लागतो. या झुलण्याला तिकडे 'स्वे' म्हणतात. ताशी ६० मैलांवर, शेजारून मोठा ट्रक गेल्यावर सुरू झालेला स्वे भल्याभल्यांना आवरत नाही.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच मुळात पहिल्या रोगावरचं औषध आहे. दुसऱ्यावर ती मदत करते, पण उलार भरलेला ट्रेलर ती सरळ करू शकत नाही. हे वाक्य पुतणीच्या नवऱ्याला, आमच्या जावईबापूंना, मी तीनदा सांगितलं. जाहिरातीत दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात, त्यामुळे माणसाला वाटतं की हिच बसवली म्हणजे सामान कसंही भरलं तरी चालेल.

ती काम कशी करते ते पुतणीला पटेना. मग गॅरेजमध्ये दोन फळ्या घेतल्या, मधे दाराची बिजागरी ठोकली आणि फळ्यांना खाली पाय लावले. पहिल्या फळीला दोन जोड्या, तो पिकअप. दुसरीला एक जोडी, तो ट्रेलर. बिजागरीवर डंबेल ठेवलं तशी तिथली जागा खचली आणि पहिल्या फळीचे पुढचे पाय हलके झाले, चिमटीने उचलता येतील इतके. मग बिजागरीच्या खालून स्टीलची लवचीक पट्टी आडवी घातली, तिचं एक टोक पहिल्या फळीला पक्कं केलं आणि दुसरं टोक ट्रेलरच्या फळीला दोरीने वर ताणून बांधलं. खचलेली जागा उठली, पुढचे पाय पुन्हा जमिनीला घट्ट बसले. ट्रेलरची जीभ ज्या लोखंडी गोळ्यावर बसते तो बॉल ही बिजागरी, आणि हिचच्या लवणाऱ्या दांड्या, म्हणजे स्प्रिंग बार, ही ती पट्टी. बार बिजागरीला ताठ करतात, म्हणून मधल्या वजनाचा काही भाग पुढच्या चाकांवर आणि काही मागे ट्रेलरच्या चाकांवर जातो. वजन कमी होत नाही, नुसतं वाटलं जातं. डंबेल तेवढ्याच किलोचं राहतं.

पायरी १: गाडीचं पुस्तक उघडा

कंटाळवाणं काम आहे, पण दहा मिनिटांचं. ओनर्स मॅन्युअलमधलं टोइंगचं प्रकरण काढा. किती वजनाच्या पुढे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच वापरायची, पुढच्या ॲक्सलवरचं हललेलं वजन किती परत आणायचं, हे तिथे लिहिलेलं असतं. काही एसयूव्हींच्या पुस्तकात ही हिच लावूच नका असंही असतं. तसं असेल तर विषय संपला. हलका ट्रेलर बघा किंवा गाडी बदला. मागचं सस्पेन्शन आपोआप उंची राखणारं असेल तर मापं घेताना ते चालू ठेवायचं की बंद, हेही तिथेच बघून ठेवा.

युरोपात राहणाऱ्यांसाठी एक आडवाट. माझा भाचा जर्मनीत आहे, त्याने हेच विचारलं. त्याला म्हटलं, तू यात पडू नकोस. तिकडचे कॅराव्हॅन जिभेवर बेताचंच वजन टाकतात, बऱ्याच मोटारींची मर्यादाच ७५ ते १०० किलोच्या आसपास असते, आणि तिथे स्टॅबिलायझरवाला (झुलणं आवरणारा) कपलर, म्हणजे बॉलवर बसणारं जिभेचं तोंड, वापरतात. हा लेख अमेरिका-कॅनडातल्या ट्रेलरांसाठी आहे.

पायरी २: दोन चिठ्ठ्या वाचा

पहिली चिठ्ठी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असते, टायरच्या हवेचा दाब लिहिलेली, पिवळी-पांढरी. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड. ट्रेलर किती ओढता येईल याच्या आकड्यानं जाहिरातीत डोळे दिपतात, पण कुटुंब घेऊन निघालेल्या माणसाचं घोडं बहुतेक वेळा पेलोडवरच अडतं.

दुसरी चिठ्ठी रिसीव्हरवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या चौकोनी नळीवर असते. तिच्यावर दोन रकाने असतात. एक साध्या बॉलसाठी, दुसरा वेट डिस्ट्रिब्यूशनसाठी. साध्याला ट्रेलर ५,००० पौंड आणि जीभ ५०० पौंड, वेट डिस्ट्रिब्यूशनला १०,००० आणि १,०००, अशा धर्तीचे आकडे दिसतात. हिच कितीही दणकट घ्या, या नळीवरच्या आकड्यापुढे जाता येत नाही. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच.

गाडीखाली वाकायचा कंटाळा करू नका. जावईबापूंच्या पिकअपची ही चिठ्ठी चिखलाने भरली होती. ओल्या फडक्याने पुसल्यावर आकडे दिसले, आणि ते माहितीपत्रकातल्यापेक्षा कमी होते. माहितीपत्रकात त्या मॉडेलचं सगळ्यात वरचं रूप छापलेलं होतं.

पायरी ३: जिभेचं खरं वजन

इथे मी चुकलो. मी इंदुरात होतो, पुतणीने ट्रेलरचं माहितीपत्रक पाठवलं. कोरडं वजन ५,१०० पौंड, टंग वेट, म्हणजे जिभेवरचं वजन, ५६०. मी व्हॉट्सॲपवर ऐटीत उत्तर दिलं, "६०० पौंडांचे बार पुरतील." त्यांनी तसे घेतले, बसवले, आणि पहिल्याच सहलीत समोरून येणारे लोक दिवे मारायला लागले. पिकअपचं नाक इतकं वर होतं की साधे दिवेसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जात होते. बार ताणायची साखळी शेवटच्या कडीपर्यंत ओढली तरी फरक पडेना.

मी तिकडे गेल्यावर जीभ मोजली. जवळपास ८०० पौंड.

हे २४० पौंड आले कुठून? कोरडं वजन म्हणजे कारखान्यातून निघतानाचं वजन. बॅटरी बहुतेकदा विक्रेता बसवतो आणि ती जिभेवरच बसते. गॅसच्या दोन टाक्या जिभेवर. २० पौंडी म्हणवणारी टाकी भरली की एकेक साधारण ३७ पौंडांची होते. त्याच्या मागे आरपार जाणारा सामानाचा कप्पा. त्यात आमच्या पुतणीनं भरलं होतं ते असं: बिडाची कढई, बिडाचा तवा, दोन कुकर, मिक्सर, दहा किलो कणीक, कोळशाची शेगडी, खुर्च्या आणि इंदूरहून आलेल्या शेवेचा डबा. शेव हलकी असते, तिला दोष देत नाही. पण बिडाची भांडी ॲक्सलच्या बरीच पुढे, म्हणजे थेट जिभेच्या मानेवर बसली होती. तुमच्या ट्रेलरची पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर तिचाही हिशेब धरा. अमेरिकन गॅलनभर पाणी म्हणजे सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त, ४० गॅलनचे ३३० च्या वर होतात.

तेव्हा माहितीपत्रकातलं टंग वेट वाचा आणि विसरा. सहलीला निघताना जसा भरता तसा ट्रेलर भरा आणि मोजा. बाजारात टंग वेट मोजायचा छोटा काटा मिळतो. तो नसेल तर न्हाणीघरातल्या वजनकाट्यावरही होतं. सपाट जागेवर ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा. चार फुटी जाड फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर ठेवलेल्या लोखंडी पाइपवर, दुसरं वजनकाट्यावर ठेवलेल्या तशाच पाइपवर. दोन पाइपांमध्ये बरोबर ३ फूट अंतर. आता विटेकडच्या पाइपापासून १ फुटावर खूण करा आणि ट्रेलरचा कपलर त्या खुणेवर टेकवा, मधे पाइपचा उभा तुकडा धरून. जॅक वर घेतला की सगळा भार फळीवर येतो, पण काट्यावर त्याचा तिसरा हिस्साच पडतो. काट्याचा आकडा गुणिले तीन. आमच्या काट्याने २६७ दाखवले, म्हणजे ८०१. फळीचं स्वतःचं वजन आधी काट्यावर बघून वजा करायचं. कपलर जोडलेला असताना जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्याच उंचीवर मोजायचा. आणि भार फळीवर असताना खाली हात, पाय, कुत्रं, काहीही न्यायचं नाही.

आकडा आला की तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाशी ताडून बघा. जीभ १० ते १५ टक्के हवी. मला स्वतःला साडेबाराच्या आसपास बरं वाटतं. पुतणीचा ट्रेलर भरून ६,४०० पौंड, म्हणजे २,९०० किलो, त्यात ८०० म्हणजे साडेबारा टक्के. उत्तम. दहाच्या खाली गेलात तर गाडी उलार आहे. सामान पुढे आणा. सायकली मागच्या बंपरवर टांगायची हौस असेल तर टांगल्यावर पुन्हा मोजा. पंधराच्या वर गेलात तर बिडाची भांडी मागे न्या. या टप्प्यावर सामान हलवणं फुकट आहे, नंतर हिच बदलणं फुकट नाही. ६०० चे ते बार वापरलेले म्हणून दुकानाने परत घेतले नाहीत. अजून गॅरेजच्या भिंतीला टेकून उभे आहेत, आणि फोनवर गॅरेज दिसलं की पुतणी मुद्दाम कॅमेरा तिकडे फिरवते.

पायरी ४: पेलोडचा जमाखर्च

वाण्याच्या वहीसारखं लिहा. दारावरच्या चिठ्ठीवर १,५०० पौंड. दोन मोठी माणसं, दोन मुलं, ५०० गेले. हिच स्वतः, बारांसकट, १०० गेले; हे लोखंड हलकं नसतं आणि त्याला सगळे विसरतात. जीभ ८००. उरले १००. त्यात बर्फाची पेटी, सरपण आणि मुलांच्या सायकली बसवा. बसत नाहीत.

काहीजण म्हणतात, हिच थोडं वजन ट्रेलरच्या चाकांवर परत टाकते ना, मग तेवढं पेलोडमध्ये मोकळं झालं. थोडं होतं खरं, पुढे आकडे देतो. पण त्या भरवशावर सामान चढवू नका. पुरे ८०० धरून चाला. आणि हिचमुळे चिठ्ठ्यांवरच्या आकड्यांपलीकडे गाडीची ओढायची ताकद वाढते असं कुणी विक्रेता म्हणाला तर हसून पुढच्या दुकानात जा.

पायरी ५: बार कितीचे

बार पौंडांच्या पायऱ्यांनी मिळतात: ६००, ८००, १,०००, १,२००, १,४००, अशा. जिभेचं मोजलेलं वजन घ्या, त्यात पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्याही मागे जे सामान असेल ते मिळवा. ते सामानही बूड दाबायचंच काम करतं. आमच्याकडे ८०० आणि टेलगेटजवळचं (पिकअपच्या मागच्या फळक्याजवळचं) ५०-६० मिळून साडेआठशेच्या वर गेलं, म्हणून १,००० चे बार.

"मग १,४०० चेच घेऊ की, पुढेमागे मोठा ट्रेलर घेतला तर?" जावईबापूंचा प्रश्न. मुलाला वाढत्या अंगाचे कपडे घेतात तसं इथे करायचं नाही. गरजेपेक्षा फार ताठ बार लवत नाहीत. प्रत्येक खड्ड्याचा दणका ट्रेलरच्या चौकटीला आणि रिसीव्हरला जातो. बार लवणं हेच त्याचं काम आहे. फार कमी रेटिंगचे घेतले तर काय होतं ते आम्ही समोरच्यांच्या दिव्यांत पाहिलं. मोजलेल्या बेरजेच्या लगेच वरची पायरी घ्या.

पायरी ६: स्वे कशाने आवरायचा

पैसे खरे इथे जातात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे साधी साखळीवाली हिच आणि बाजूला एक वेगळा फ्रिक्शन बार. हा बार घर्षणाने ट्रेलरच्या झुलण्याला ब्रेक लावतो. हलक्या ट्रेलरला चालतो, पण रिव्हर्स घेताना तो काढून ठेवावा लागतो आणि ओल्या, निसरड्या रस्त्यावर ढिला करावा लागतो. कॅम्पच्या जागी भर पावसात अंधारात ट्रेलर मागे घेताना हे कोण लक्षात ठेवणार? नवख्याला मी तो सुचवत नाही.

मधला वर्ग म्हणजे बारांमध्येच स्वे आवरायची सोय असलेल्या हिच. इक्वलायझरसारख्यांत बार साखळीने टांगलेले नसतात, ट्रेलरच्या चौकटीवरच्या कंसांवर (ब्रॅकेटवर) घट्ट टेकलेले असतात आणि चार जागी घासतात. रीसच्या दुहेरी कॅमवाल्या रचनेत बारांची टोकं खाचेत बसतात आणि ट्रेलरला पुन्हा सरळ रेषेत ओढतात. ब्लू ऑक्स, कर्ट यांच्याही या वर्गातल्या रचना आहेत. यांतल्या बहुतेक जोडलेल्या ठेवूनच रिव्हर्स घेता येतो. पहिला ट्रेलर आणि घरचं कुटुंब, तर या वर्गातच थांबा. पुतणीकडे आता कंसांवर टेकणारी आहे. किंमत साधारण काहीशे डॉलर ते हजाराच्या आसपास.

वरचा वर्ग हेन्सली, प्रोप्राइड यांचा. यांत सांध्यांची अशी रचना असते की ट्रेलर जणू मागच्या ॲक्सलच्या जवळून जोडल्यासारखा वागतो, म्हणून स्वे मुळात उठतच नाही. किंमत हजारांत जाते. वायोमिंगच्या वाऱ्यात ३० फुटी ट्रेलर घेऊन वर्षातले सहा महिने फिरणाऱ्यांनी विचार करावा. वर्षात चार सहली करणाऱ्यांनी ते पैसे टायरांवर घालावेत.

पायरी ७: बारीकसारीक, पण अडवणारं

गोल बार हेडमध्ये, म्हणजे बॉल बसवलेल्या हिचच्या लोखंडी ठोकळ्यात, खालून शिरतात आणि खाली लोंबतात. ट्रुनियन बार बाजूने शिरतात, म्हणून जमिनीपासून जरा उंच राहतात. ड्राइव्हवेचा उतार खडा असेल तर ट्रुनियन घ्या. बॉलचं माप कपलरवर कोरलेलं असतं, बऱ्याच ट्रॅव्हल ट्रेलरना २ ५/१६ इंची लागतो. २ इंची बॉलवर मोठा कपलर बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या उसळीला निसटतो. शँक, म्हणजे रिसीव्हरमध्ये जाणारी दांडी, वर-खाली करता येणारी हवी. उंच पिकअपला खाली उतरणारी लांब शँक वेगळी घ्यावी लागते. कंस बसतात तिथे जिभेच्या चौकटीवर गॅसच्या टाक्यांची बैठक आडवी येते का, ते विकत घेण्याआधी टेपने मोजून घ्या. ट्रेलरला धक्क्यावर चालणारे सर्ज ब्रेक असतील तर हिच त्यांना चालते का ते विचारा. हे बहुतेक बोटीच्या ट्रेलरांना असतात, घराच्या ट्रेलरांना विजेचे.

पायरी ८: बसवणं आणि मापणं

विक्रेता बसवून देतो. पुतणीच्या विक्रेत्याने वीस मिनिटांत बसवून दिली, हातात टेप न घेता, लांबून बघून "सरळ दिसतंय" म्हणाला. सरळ दिसणं हे माप नाही. ट्रेलर लांबून सरळ दिसतो आणि पुढचं चाक तरीही हलकं असू शकतं.

मापं तीन आहेत आणि तिन्ही पुढच्या चाकाच्या कमानीची: कमानीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत, चाकाच्या बरोबर मध्यातून. जागा सपाट हवी. पहिलं माप ट्रेलर न जोडता. आमचं ३७ इंच. दुसरं ट्रेलर बॉलवर टेकवून, बार न लावता. ३८ १/४ इंच. म्हणजे नाक सव्वा इंच उठलं. तिसरं बार लावून, ३७ १/२. म्हणजे सव्वापैकी पाऊण इंच परत आलं, साठ टक्के.

किती परत यायला हवं? पूर्वी सगळं परत आणा असं सांगायचे. आता कित्येक कंपन्या निम्म्याच्या आसपास थांबायला सांगतात, काही त्याहून जास्त. तुमचा आकडा पायरी १ मधल्या पुस्तकात आहे, तोच खरा. एक मात्र पक्कं: बार लावल्यावर नाक मूळ मापापेक्षा खाली जाता कामा नये. तेव्हा मागची चाकं हलकी होतात, आणि वळणावर मागची चाकं सुटलेली गाडी पुढची सुटलेल्या गाडीपेक्षा वाईट.

कमी पडत असेल तर हेडमधल्या वॉशरची संख्या वाढवा, म्हणजे हेड मागे झुकतं आणि बार जास्त ताणले जातात. जास्त होत असेल तर वॉशर कमी करा किंवा कंस एक भोक खाली घ्या. आम्ही दोन दुपारी यात घालवल्या. पाचवा वॉशर घातल्यावर जमलं. जावईबापू तोवर माझ्याशी बोलायचे थांबले होते. बोल्ट मात्र हिचच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कलाच घट्ट करा, टॉर्क रेंच उसना मिळतो. "हाताला घट्ट लागतंय" हे पीथमपूरलाही चालायचं नाही.

पायरी ९: काट्यावर

टेप अंदाज देतो, काटा हिशेब देतो. अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक स्टॉपांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. त्यांच्या वेगवेगळ्या फलाटांवर पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर अशी तीन वजनं वेगळी मिळतात. आपल्या धर्मकाट्यावर ट्रक अख्खा चढवतात, तसं नाही. सहलीसारखे भरून, माणसं बसवून जा. तीनदा वजन करा.

आमच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे पौंडांत असे. नुसता पिकअप: पुढे ३,२००, मागे २,५००. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे २,८४०, मागे ३,६६०, ट्रेलर ५,६००. बार लावून: पुढे ३,०६०, मागे ३,३२०, ट्रेलर ५,७२०.

आता वाचा. जीभ ८०० ची, पण मागच्या ॲक्सलवर ८०० नाही, १,१६० वाढले. कारण बॉल ॲक्सलच्या मागे आहे आणि पुढच्या चाकांवरचे ३६० ही त्याने मागे ओढून आणले. बारांनी त्या ३६० पैकी २२० पुढे परत दिले, साठाच्या जरा वर टक्के, म्हणजे टेपचा अंदाज बरोबर होता. आणि १२० ट्रेलरच्या चाकांवर गेले. पेलोडमध्ये थोडं मोकळं होतं म्हटलं होतं, ते एवढंच. तिन्ही वेळा मागच्या ॲक्सलचा आकडा दारावरच्या मर्यादेशी ताडून बघा, आणि पिकअपचं एकूण वजनही.

पायरी १०: रस्त्यावर

कपलर लावला, पिन घातली, सुरक्षेच्या साखळ्या खाली एकमेकींवरून फुलीसारख्या टाकल्या, ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) साखळीला न अडकवता गाडीला वेगळी अडकवली, विजेची जोडणी केली, ब्रेक कंट्रोलर, म्हणजे गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र, तपासला. हा क्रम फ्रिजच्या दारावर चिकटवा. ट्रेलरच्या टायरांची कमाल गती बघून ठेवा. कित्येक ६५ मैलांच्या असतात, आणि रस्त्याची मर्यादा ७५ असली म्हणून टायरला ते माहीत नसतं.

स्वे उठलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि उलटसुलट स्टिअरिंगही करू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट धरा आणि ब्रेक कंट्रोलरवरची खटकी हाताने दाबून एकट्या ट्रेलरचे ब्रेक लावा. मोकळ्या मैदानात ही खटकी कुठे आहे ते न बघता बोटाने शोधायची सवय करा. गाडी थांबली की सामान कुठे गेलंय ते बघा; बहुतेक वेळा काहीतरी मागे सरकलेलं असतं.

बार काढताना जिभेच्या जॅकने पिकअपचं बूड थोडं वर उचला, मग बारांवरचा ताण जातो आणि ते हाताने निघतात. ताणलेला बार पहारीने उचकटायला जाऊ नका, तो सुटला तर नडगी फोडतो. जॅक लावण्याआधी चाकांना अडण्या.

पहिल्या सहलीत शंभरेक मैलांवर थांबून सगळे बोल्ट पुन्हा तपासा, नव्या हिचचे हमखास जरा ढिले होतात. आणि वळणावर कंसांतून उसाच्या चरकासारखा आवाज यायला लागला तर घाबरू नका, घर्षणाची हिच कुरकुरतेच. लगेच ग्रीसचा डबा काढू नका. ग्रीस पुस्तकात सांगितलेल्या जागीच; बाकी ठिकाणी लावाल तर आवाज जाईल आणि त्याच्याबरोबर पकडही.